कोरडा हात

४ मार्च
प्रयोगशाळेतल्या नोकरीचा पहिला दिवस, आणि मी चक्क माशांच्या अंगावरची बुळबुळ खरवडली! मॅडम म्हणाल्या, ती बुळबुळ म्हणजे माशाचं चिलखत. तिच्यातली प्रथिनं जंतू टेकला रे टेकला की त्याचा फडशा पाडतात. त्या जंतूची आधी ओळख असावी लागत नाही. जन्मतःच मिळालेली राखण. प्रयोगशाळेचा नियम एकच, माशाला कोरडा हात लावायचा नाही. थर पुसला गेला की बुरशी त्याला जिवंत खाते. मी सवयीनं हात पुसून टाकीत घातला आणि पहिल्याच दिवशी बोलणी खाल्ली. घरी सांगितलं तर दादा हसून हसून बेजार. किती दिवसांनी हसला.

९ मार्च
दादाच्या पायाची जखम चिघळतेच आहे. सगळी औषधं झाली. डॉक्टर म्हणाले, उतार पडला नाही तर पाय काढावा लागेल. आई तेव्हापासून जेवलेली नाही. बुडत्याला काडीचा आधार म्हणून आज मी नव्या टाकीतल्या काळ्या माशाची बुळबुळ डबीत भरून आणली आणि बोटानं जखमेवर लावली. तिची अजून तपासणी झालेली नाही. मॅडमना कळलं तर माझी खैर नाही.

१३ मार्च
जखम भरली! आई रडली, मीही रडले. दादा म्हणतो, अंगाला सारखा घाम येतो. मी हात लावून पाहिला. तो घाम नाही.

१६ मार्च
दादा पाण्याच्या पिंपातून बाहेर यायला तयार नाही. अंगभर बुळबुळ. आवाज गेला — नुसतं तोंड उघडतो, मिटतो. डॉक्टरांना काय सांगू? कोणत्या तोंडानं?

१७ मार्च
मी कामावर असताना आईनं त्याला बाहेर काढलं, मायेनं खसाखसा पुसलं. टॉवेल फिरला तिथं तिथं पांढरी बुरशी, कापसासारखी. पुसू नकोस, एवढं तिला मी सांगून ठेवायला हवं होतं. मीच —

१८ मार्च
दादा गेला. आई विचारते, बरा होत आला होता, मग असं कसं झालं गं? तुझ्या टॉवेलानं, हे तिला कसं सांगू?

२० मार्च
डबीत बोट माझंच होतं. पेन निसटतंय. आवाज फुटत नाही —
आई दारात. हातात टॉवेल. म्हणते, “किती भिजलीस गं. ये, पुसून देते.”
मी मागे सरकते, ती पुढे येते. लिहून दाखवायला हवं. पण का नको पुसू, हे लिहिलं की दादाचंही तिला —
आई, थांब, कोरड्या हा