आधी वस्ती, मग आबा

प्रिय सोनिया,

तहसीलदार मॅडम असंच लिहिणार होतो, पण तुझी आई डोळे वटारून बघतेय. मिरजेच्या दवाखान्यात खाटेवर बसून लिहितोय. ताप उतरलाय. छातीत घरघर हाय अजून, पण सलाईन काढलं. इथली डाळ मात्र आमच्या पलटणीच्या लंगरातल्या डाळीपेक्षा पातळ, देवाशप्पथ!

पुरातलं सगळं मला मेजरसाहेबांनी गच्चीवरनं आणताना बोटीतच सांगितलं. फौज आली तशी सगळा गाव त्यांच्याच मागं लागला, आता तुम्हीच हुकूम द्या म्हणून. वर्दी दिसली की आपल्या लोकांना दुसरं कुणी दिसतच न्हाई. आणि तो उंचापुरा गडी चिखलात उभा राहून म्हणाला, हुकूम मॅडमचा, आम्ही मदतीला आलोय. मॅडम म्हणजे कोण, तर ढगळा रेनकोट घातलेली आमची सोनी!

मग त्यांना कळलं की गच्चीवर एकटा अडकलेला म्हातारा सुभेदार हाय, आणि तोच मॅडमचा बाप. फौजी फौजीला सोडत न्हाई. आधी त्यांना आणतो म्हणाले. तू म्हणालीस, आधी मळ्यातली वस्ती. तिथं मातीची घरं हायत, बाळंतीण हाय. साहेबांना ते पटलं नव्हतं, मला तोंडावर सांगितलं त्यांनी. तरी तुला सॅल्युट मारून बोट वस्तीकडं नेली. माझ्या समोरनंच गेली ती. तवा पावसात भिजत मी लय शिव्या घातल्या, ते सोड.

पोरी, उभी हयात बंदूक वागवली मी. बंदूकवाल्यानं बिनबंदुकीच्या माणसाचं ऐकायचं, कारण त्याच्यामागं लोकांनी निवडलेलं सरकार असतं, हे पलटणीत शिकलो होतो. पण ते इतकं देखणं असतं, हे त्या दिवशी कळलं. साहेबांचा अभिमान वाटला आणि तुझा तर विचारूच नको.

काल सिस्टर म्हणाली, एक मॅडम दारापर्यंत आल्या, आत डोकावल्या आणि डोळे पुसत माघारी गेल्या. फोन तर तू उचलतच न्हाईस. म्हणून हे पत्र. येडे, बापाला मागं ठेवलं म्हणून तोंड चुकवतेस व्हय? ती बाळंतीण शेजारच्याच वॉर्डात हाय. तुझी आई दिवसभर तिचं बाळ खांद्यावर घेऊन फिरतेय. रविवारी ये. अजून पायात जोर न्हाई माझ्या, पण सॅल्युट काय बसून मारत न्हाईत. तेवढ्यापुरता भिंतीला धरून उभा राहीन.

तुझाच,
आबा