वरच्या खोलीचा स्लॅब

लातूर,
२९ ऑगस्ट

प्रिय शिवप्रसाद,

अक्काचा आशीर्वाद. काल तू नांदेडहून ड्रायव्हरच्या हाती कागद पाठवलास. मी तो वाचला आणि सही न करता परत दिला. तेव्हापासून तू फोनवर फोन करतोयस. पण फोनवर तू बोलतोस आणि मी ‘हाव’ म्हणते, हे आपलं लहानपणापासूनचं आहे. म्हणून लिहिते.

लातूरचं हे घर घेतलं तेव्हा तुझे दाजी जाऊन आठ महिने झाले होते. त्यांच्या फंडाचे पैसे बँकेत ठेवून काय करायचेत, म्हणालास. जुनं घर स्वस्तात मिळतंय, अर्धे तुझे अर्धे माझे, ट्यूशनला गावोगावहून येणाऱ्या पोरी भाड्यानं ठेवू, तू त्यांच्यावर लक्ष ठेव. उदगीरच्या घरात मला एकटीला भिंती खायला उठायच्या. मी आले. पहिल्याच महिन्यात पोरींनी मला मावशी करून टाकलं. ते दिवस बरे होते, खोटं कशाला बोलू?

तिसऱ्या वर्षी वरच्या कोपऱ्यातल्या खोलीचं छत ओल धरायला लागलं. सिद्धराम मिस्त्रीनं हातोडीनं ठोकून पाहिलं, खपली काढली, तर आतले गज गंजून फुगलेले. म्हणाला, "अक्का, हे मलमपट्टीचं काम न्हाई. स्लॅब उतरवा, नवा टाका." तू दुसऱ्याच दिवशी आलास आणि उभ्याउभ्या मोबाईलवर हिशेब केलास. नव्या स्लॅबला नऊ लाख, वर वर्षभर मजला रिकामा. दुरुस्तीला सत्तर हजार, तीही उन्हाळ्याच्या सुट्टीत. "नऊ लाख वसूल व्हायला किती वर्षं लागतील, सांग बरं अक्का. तवर घरच विकून टाकू की." सिद्धरामला तू पुन्हा बोलावलं नाहीस. दुसऱ्यानं प्लास्टर केलं. पुढच्या उन्हाळ्यात गच्चीवर काहीतरी काळं फासलं. डाग तरीही उमटला, तेव्हा तू खाली पीओपीचं छत लावून घेतलंस. खोली छान दिसायला लागली. भाडं पाचशेनं वाढवलंस.

या चौदा तारखेला दुपारी त्या खोलीत राहणारी आरती पलंगावर वाचत पडली होती. पीओपीसकट स्लॅबचा तुकडा तिच्या उजव्या खांद्यावर आणि हातावर आला. आवाज ऐकून मी वर धावले. पोरगी रडत नव्हती, नुसतं "मावशी, माझं पुस्तक" एवढंच म्हणत होती. दोन ऑपरेशनं झाली, बोटं अजून मिटत नाहीत. तिचे वडील सुदर्शनराव जळकोटहून आलेत, दवाखान्याच्या व्हरांड्यातच राहतात. पाऊसच लई झाला, तुमचा काय दोष, असं उलट मलाच समजावतात. परवा खालमानेनं विचारलं, "पोरीचं डिपॉझिट परत मिळंल का? औषधाला लागून राहिलंय."

आणि तू कागदावर काय लिहिलंस? खोली धोक्याची म्हणून बंद ठेवली होती, पोरगी सांगूनही ऐकली नाही. साक्षीदार म्हणून सख्ख्या बहिणीचं नाव.

आज सकाळी मी सुदर्शनरावांना सगळं सांगितलं. सिद्धराम काय म्हणाला, तू काय हिशेब केलास, मी कशी मान हलवली. दुपारी पोलीस ठाण्यात जाऊन तेच लिहून दिलं. हे तुला दुसऱ्या कुणाकडून कळू नये, म्हणून हे पत्र. एक गोष्ट मात्र सुदर्शनरावांना सगळ्यात शेवटी सांगितली. त्या कोपऱ्यातल्या खोलीत आधी मीच राहत होते. सिद्धराम येऊन गेला त्याच आठवड्यात गुडघे दुखतात म्हणून मी खाली आले, आणि तू ती खोली भाड्यानं दिलीस तेव्हा गप्प बसले. माझे गुडघे कधीच दुखत नव्हते. तुलाही ते ठाऊक होतं.  ते ऐकून सुदर्शनराव म्हणाले, "तिलाबी खाली बोलवायचं होतं की, बाई."  पोलिसांच्या कागदात तुझ्याबरोबर माझंही नाव येणार आहे. येऊ दे.

तुझीच,
रुद्राणीअक्का