बाबांच्या दाताखालचा मका

४ ऑक्टोबर

चि. सौ. धाकटीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र नाही, त्या अर्थी मका काढणीला आला आहे. धूर दिसला की अग्नी असतोच, असं मी वर्गात शिकवतो. पत्र दिसलं नाही की मका असतो, हा आपल्या घरचा न्याय.

बाबा काल तुझ्याकडे परतले, ते सुखरूप पोचले असतील. सोबत नवी कवळी आहे. संस्कृतात दाताला द्विज म्हणतात, दोनदा जन्मतो म्हणून. बाबांचे आता तिसऱ्यांदा जन्मले. त्यांना काय म्हणावं यावर शास्त्रकार गप्प आहेत. दातांच्या डॉक्टरांना त्यांनी आधीच बजावलं होतं, की पुढचे दात कसेही चालतील, दाढा मात्र मक्याच्या दाण्याला पुरणाऱ्या हव्यात. डॉक्टर हसले. मी हसलो नाही. त्यांची शेवटची दाढ उन्हाळ्यात पडली, तेव्हा ते दोन दिवस कोणाशी बोलले नव्हते, हे तूच कळवलं होतंस. जेवणासाठी कोणी इतकं दुःख करत नाही.

तुझी वहिनी विचारते, की बाबा झोपताना कवळी पाण्यात ठेवतात ना? इथे त्यांनी ती माझ्या चष्म्याच्या डबीत ठेवली होती. सकाळी मी डबी उघडली आणि माझा चष्मा माझ्याकडे बघून हसला.

दाजींना नमस्कार. आमच्या वाट्याची माया कोठीत झाकून ठेव, उंदरांना लागू देऊ नकोस.

तुझा,
दादा

१५ ऑक्टोबर

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझा न्याय बरोबर. मका घरात आला आहे. कणसं खुडली, सोलली, आणि दाणे काढायच्या यंत्राचा दांडा फिरवून फिरवून ह्यांचा खांदा भरून आला. पुढच्या पेरणीसाठी जाडजूड कणसं निवडून, त्यांच्या पानांच्या वेण्या घालून मी ती तुळईला टांगली आहेत. बाकीचे दाणे अंगणात पसरलेत. यंदा आभाळ मात्र सारखं तोंड पाडून बसलंय.

आता खरी गोष्ट. परवा बाबा अंगणात आले, मूठभर दाणे उचलले, त्यातला एक दाढेखाली धरला. कट्ट असा आवाज आला. मला ओसरीवर ऐकू आला. मग नेहमीसारखं हात झटकून म्हणाले, भरा.

दादा, दाणा वाळलेला नाही. मी नख लावून पाहिलं तर नख रुततं. राशीत हात घातला तर गारवा लागतो. ह्यांनाही तसंच वाटतं. असाच भरला तर पत्र्याच्या कोठीत तापेल, बुरशी धरेल. आपण लहान असताना आजोबांनी घाई केली होती, तेव्हाचा आंबूस वास तुला आठवत असेल. अख्ख्या वर्षाचं धान्य खड्ड्यात टाकलं होतं आणि गुरंसुद्धा त्याला तोंड लावेनात. बाबा दाणा चावायला लागले ते त्या वर्षापासून.

मी भीत भीत म्हटलं, की अजून थोडं ऊन खाऊ दे. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, की कट्ट वाजलं ते ऐकलं नाहीस का. ऐकलं होतं की.

नांगर त्यांनी ह्यांच्या हाती दिला, बाजार माझ्याकडे दिला, किल्ल्या तर आईमागे स्वतःहून आणून दिल्या. हे भरा म्हणणं तेवढं त्यांचं उरलंय. ते माझ्याच्याने मोडवणार नाही. आणि मका सडू द्यायचा तोही माझ्याच्याने होणार नाही. कोठी घासायची आहे असं सांगून दिवस काढतेय. तू शिकलेला आहेस, काहीतरी सुचव. उगाच विनोद करू नकोस.

बहिणीवर लोभ आहे तसाच राहू दे.

तुझी,
धाकटी

१९ ऑक्टोबर

चि. सौ. धाकटीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

विनोद करू नकोस म्हणालीस, म्हणून दोन वेळा लिहिलेलं पत्र फाडलं. हे तिसरं त्या मानाने गंभीर आहे.

दात मी बसवले. म्हणजे या मक्याला बुरशी आलीच तर ती माझ्या नावावर. तेव्हा आधी खात्री करू. आमच्या शाळेतल्या विज्ञानाच्या बाईंनी एक उपाय सांगितला. मीठ तव्यावर कोरडं भाजून गार कर. कोरड्या काचेच्या बाटलीत थोडे दाणे आणि ते मीठ घाल, बूच लाव, चांगलं हलव. मीठ काचेला चिकटलं तर दाणा ओला. सुटं राहिलं तर खुशाल भरा. मी बाईंना म्हटलं, की आमच्याकडे या कामाला एक वडील पुरतात. त्या म्हणाल्या, की बाटलीला राग येत नाही.

मीठ चिकटलं तर हे बाबांना दाखवू नकोस. दातांपुढे बाटलीची साक्ष काढणं बरं दिसायचं नाही. तू सांग, की कोठी घासताना पत्र्याला बारीक भोक सापडलं. उंदीर शिरेल. ते बुजेपर्यंत भरता येत नाही. म्हणजे बाबांचा निकाल कायम, फक्त अंमलबजावणी लांबली. असल्या कालहरणावर मोठमोठी राज्यं चालली आहेत. एक कोठी का नाही चालणार?

खोटं बोलायला शिकवतो म्हणून रागावू नकोस. मास्तर आहे, शिकवण्याची खोड जात नाही. उत्तर लगेच धाड. मला इथे उगाच आंबूस वास येतो आहे.

दूर असलो तरी तुझ्याच अंगणात आहे असं समज.

दादा

२ नोव्हेंबर

ती. दादास,
सा. न. वि. वि.

आधी सांगते, मका कोठीत गेला. छान गेला. आता श्वास घे आणि पुढचं वाच.

तुझं पत्र आलं त्याच दिवशी बाटली हलवली. काचेवर मिठाचा थर बसला. मग बाबांना भोकाचं सांगितलं. सांगताना माझे कान तापले होते. मला वाटलं, बरं म्हणतील आणि पेपर उघडतील. कसलं काय! ते उठले, शिडी लावली आणि कोठीत उतरले. वर आतून झाकण ओढून घेतलं. मी बाहेर उभी, देवा देवा करत. बऱ्याच वेळाने वर आले. चेहऱ्यावर काही नाही. म्हणाले, की आहे भोक, कामाला आठवडा तरी लागेल. मग काठी घेऊन शेताकडे फिरायला गेले.

एवढ्या मोठ्या पत्र्यात कुठेतरी खरंच भोक असेल, आपलं नशीब! दुसऱ्या दिवसापासून बाबा हातोडी घेऊन कोठीपाशी. ठक ठक, ठक ठक. हे म्हणाले, मी डाख लावून भोक बुजवून देतो, तर बाबांनी त्यांना पिटाळलं. तेवढ्यात वारा सुटला, आभाळ धुतल्यासारखं झालं, आणि मी दाणे उन्हात उलटेपालटे करत राहिले. शेवटी एका सकाळी बाटलीतलं मीठ सुटं राहिलं. त्याच सकाळी बाबांची ठकठक थांबली. काय योग बघ.

अंगणात आले. मी म्हटलं, बाबा, पुन्हा एकदा चावून बघता का? तर म्हणाले, की आज हिरडी दुखतेय, तू बघ. आणि मूठ उघडून माझ्यासमोर धरली.

मी दाणा दाढेखाली धरला. लहानपणी तू आणि मी चोरून चावायचो आणि भरा भरा ओरडत पळायचो, ते आठवून हसू येत होतं. चावला. कट्ट. सगळे माझ्याकडे बघत उभे, हेसुद्धा. मग एकदाचं म्हटलं, भरा. पोती उचलली गेली.

हिरडीचं काही नाही, दुपारी खारे दाणे चावत बसले होते. पण तू डॉक्टरांना एकदा विचार.

तुझी बाटली फडताळात जपून ठेवली आहे. तुझी आठवण तिच्याशेजारीच आहे.

धाकटी

५ नोव्हेंबर

चि. पंडितास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

मी सहसा पत्र लिहीत नाही, तेव्हा घाबरू नकोस. प्रकृती ठीक. दात उत्तम. बडीशेपसुद्धा चावतो.

धाकटीने कोठीला भोक पडल्याचं सांगितलं. आत उतरून झाकण लावून बसलो. पत्र्याला सुईएवढं जरी भोक असलं तरी आतून ते चांदणीसारखं दिसतं. मिट्ट काळोख होता. एक चांदणी नाही. आता पोरगी खोटं का बोलली, याचा विचार करायला त्याहून चांगली जागा नव्हती. खोटंही इतकं नीटनेटकं होतं, की ते तिचं नव्हे हे लगेच कळलं. तिला एवढं शिक्षण नाही.

बाहेर येऊन बांधाकडे गेलो. उशिरा पेरलेल्या पट्ट्यात हिरवी कणसं उभी होती. एक सोललं, दुधाचा दाणा घेतला, चावला. कट्ट वाजलं. दाणा गप्पच होता रे. वाजले ते वरचे दात खालच्यांवर. मी मक्याला विचारत होतो आणि उत्तर कवळी देत होती.

हे लगेच सांगून टाकता आलं असतं. पण ती बिचारी माझी पत राखायला कान लाल करून उभी होती, तिचा विरस कशाला करू? रोज बसून ठोकलं. तिच्या बाटलीवरही नजर होती. ती फडताळाच्या दाराआड हलवायची, मला खुळखुळ ऐकू यायचं. ज्या सकाळी ती हसत बाहेर आली, त्या सकाळी मी हातोडी ठेवली.

दाणा तिच्या हाती दिला. असा वाजला, की अंगणाच्या पलीकडे ऐकू आला. माझी दाढ होती तेव्हा अस्साच वाजायचा. तुझ्या आईला तो स्वयंपाकघरात ऐकू जायचा आणि ती सगळ्यांसाठी चहा टाकायची. त्या दिवशी तिने भरा म्हटल्यावर मीच आत जाऊन चहा टाकला. साखर जास्त पडली, कोणी बोललं नाही.

भोक नव्हतं हे तिला कळू देऊ नकोस. मला फसवल्याचा तिला आनंद आहे, तो टिकू दे.

एक अडचण आहे. आठवडाभर धडधाकट पत्रा ठोकला, तर वरच्या कडेला खरंच एक पडलं आहे. तुझं खोटं मी खरं केलं, तेव्हा बुजवायला तू ये. सुनेलाही आण. झाकण लावून आत मक्यावर बसलं की दिसतं. एकच आहे, पण चांगलं चमकतं.

वाट बघतो.

बाबा