ओढा लायलच्या नावे

मी, ऑरिन हाल्वर्सन, वय एक्याऐंशी, राहणार लॉस्ट मेअर ओढा, मॉन्टाना, हे मृत्युपत्र स्वतःच्या अक्षरात लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. फुप्फुसे नाहीत, डॉक्टरांच्या मते पुढचा उन्हाळा मला दिसणार नाही. कोणी धाकदपटशा दाखवलेला नाही. दाखवणार कोण, घरात मी आणि रेडिओ.

१. घर आणि जुना ट्रक मुलगी नोरीन हिला. ट्रक चढावर रुसतो. तेव्हा त्याला शिव्या द्याव्यात, उपयोग होतो.

२. मासे धरायची बांबूची काठी, आणि गळांना पिसे व सशाचे केस बांधून मी केलेल्या सगळ्या खोट्या माश्या शेजारी डेल प्रुइट याला. धरलेला मासा परत पाण्यात सोडताना त्याचा जबडा फाटू नये म्हणून प्रत्येक गळाचा उलटा काटा मी पक्कडीने दाबून टाकला आहे. डेल मात्र मासा पाण्याबाहेर धरून फोटो काढत बसतो. हा नाद सुटला नाही, तर नोरीनने काठी परत आणावी.

३. ओढ्याकाठची सगळी जमीन मुलगा लायल याला.

लायल मत्स्य खात्यात आहे. ओढ्यात विष घालून माझे ठिपक्यांचे ट्राउट मासे झाडून सगळे मारायचे आणि मग गळ्याखाली लाल रेघ असलेले, मूळचे इथले ट्राउट आणून सोडायचे, अशी त्याची योजना आहे. माझ्या जमिनीत पाऊल टाकू देत नव्हतो म्हणून ती अडली होती.

"बाबा, हे मासे इथले नाहीतच. पूर्वेकडून डब्यांत भरून आणलेत."

"आणि तुझे पणजोबा कुठले रे? त्यांनाही नॉर्वेहून बोटीत भरूनच आणलं होतं."

"करा चेष्टा. इथले खरे मासे संपत आलेत, त्याचं काय?"

"जन्मभर एकेक मासा मी जिवंत सोडला, तो तू एका दिवसात मारावास म्हणून?"



नोरीनला जमीन दिली तर ती विकेल, घेणारा बंगले बांधेल आणि कुठलेच मासे उरणार नाहीत. लायलचे म्हणणे खरे आहे, हे मला कळते. कळून दुःख कमी होत नाही. माझे सगळे केलेले फुकट गेले, असेच मला वाटते, आणि कोणी माझी समजूत काढायला येऊ नये. ओढ्यात विष घालू देण्याच्या परवानगीच्या कागदावर आज सही केली आहे.

४. अट एकच. विष लायलने स्वतः ओतावे, हाताखालच्या माणसांकरवी नाही. मेलेले मासे त्यानेच वेचावेत आणि त्याआधी हात पाण्यात बुडवावेत. कोरडा हात लागला की माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि सोडलेला मासा पुढे दगावतो, हे तो लहान असताना मीच त्याला शिकवले. मेलेल्याला त्याचे काही नाही, हे मलाही समजते. तरीही, लायल, हात ओले कर.

सही: ऑरिन हाल्वर्सन
स्थळ: लॉस्ट मेअर ओढा. ३ ऑक्टोबर २०१९

ऑरिनने आमच्या देखत सही केली. तो रडत होता, पण पूर्ण शुद्धीवर होता.
साक्षीदार: मार्व्हिन स्टोक, एडिथ क्लाउसन