दारात मांडलेला माल

प्रिय दीपेशदादा,

नाक्यावरच्या बॅनरचा फोटो मिळाला. 'काल्हेरच्या सुकन्येला प्रोसेसर संशोधनात आंतरराष्ट्रीय पुरस्कार', खाली शुभेच्छुकांची चाळीस तोंडं आणि मधोमध माझं हसू. ते हसू बघून मला शिसारी आली, दादा. तुझ्या हौसेची नाही रे, माझीच.

माझं काम बाबांना समजावताना मी गोदामाचंच उदाहरण द्यायचे. प्रोसेसर म्हणजे चपळ हमाल, मेमरी म्हणजे लांबलचक गोदाम. माल आतून येईपर्यंत हमाल हात बांधून उभा. त्याचं ते ताटकळणं कमी करायचं, एवढंच माझं सात वर्षांचं संशोधन. बाबा म्हणाले होते, "म्हंजे तू बी मुकादमच हाय की!" केवढी फुशारले होते मी.

तुला आठवतं, दापोड्याच्या गोदामात एक मोठी पार्टी ट्रक किती वेळात भरतो ते घड्याळ लावून बघायला आली होती? शेठने आदल्या दिवशीच माल दाराशी रचायला सांगितला. बाबा अडून बसले, "दारात मांडलेला माल मोजायचा न्हाय. आतून आणा, मंग घड्याल लावा." मुकादमी गेली. आई महिनाभर त्यांच्याशी बोलली नाही, आणि आपण दोघांनी त्यांना खुळ्यात काढलं.

आमच्या लॅबमध्ये तेच झालं. माझ्या प्रोसेसर-रचनेचा वेग मोजण्याआधी मी प्रोग्राम एकदा नुसता चालवून घ्यायचे. मग सगळा डेटा प्रोसेसरच्या उशाशी येऊन बसायचा. तुलनेसाठी घेतलेली, शेजारच्या टेबलावरच्या विपुलची रचना मात्र तशीच, कोऱ्या मशीनवर मोजली. आधी ती चूकच होती, शपथ. लक्षात आल्यावर माझ्या मार्गदर्शक सरांना सांगितलं, तर म्हणाले, सगळेच असं करतात, आकडे छान आलेत. मी गप्प बसले. पेपर छापून आला, टाळ्या वाजल्या. आपलंच काम कमी पडलं असं समजून विपुल संशोधन सोडून गेला. जाताना माझ्या यशाचे पेढे त्यानेच आणले. मी ते कचऱ्यात टाकले. सरांची किळस येते, पण ती सोपी आहे. स्वतःची येते ती कितीही चुळा भरल्या तरी जात नाही.

काल दोन्ही रचना सारख्याच पद्धतीने मोजल्या. विपुलचीच सरस आहे. त्याला सगळं कळवलं आणि आज सकाळी पेपर मागे घेत असल्याचं पत्र पाठवलं. पुरस्कार जाईल, कदाचित डॉक्टरेटही. रविवारचा सत्कार रद्द कर, बॅनर उतरव. बाबा कारण विचारतील. त्यांना एवढंच सांग, नेत्राने माल दारात मांडला होता.

तुझीच,
नेत्रा