लसणाचा वाफा

गोर्नो पोले, बल्गेरिया
ऑक्टोबरअखेर

रालित्सा बाळ,

तू स्पेनहून पाठवलेलं खणायचं यंत्र मी शेजारच्या पेनाला देऊन टाकलं. फार बडबडतं ते. तुझ्या आईची कुदळ बरी, तिच्या हातांनी दांडा गुळगुळीत करून ठेवलाय. सकाळी तासभर खणलं की दिवसभर डोकं शांत राहतं. ती गेल्यापासून डॉक्टरच्या गोळ्यांनी जे जमलं नाही, ते असं जमतं.

परवा वाफा तयार झाल्यावर मी दांड्याने मातीवर क्रूस काढला. लावणीआधी तुझी आई काढायची आणि मी हसायचो. कुंपणापलीकडून पेनाने नेमकं पाहिलं.

"काय हो मास्तर, देव नसतो असं शाळेत तुम्हीच शिकवलंत ना आम्हाला?"

"वाफ्याचा मध्य काढतोय," मी म्हणालो.

"मग टोपी कशाला काढलीत?"

मी टोपी परत घातली नाही. खाली बसून लसणाची एकेक पाकळी मातीत दाबत राहिलो.

नाताळात तू मला कायमचं न्यायला येणार, घराला गिऱ्हाईकही बघून ठेवलंयस. फोनवर मी नुसतं 'बघू' म्हणतो. हे पत्रही टाकणार नाही, उगाच रडशील. आलीस की आधी वाफ्याकडे जा. तोवर कोंब वर आलेले असतील. आपल्याकडे लसूण जुलैत काढतात, हे तू विसरली नसशील.

तुझा,
बाबा