साडूच्या पुढे

२ जानेवारी, रविवार

साडूने बोट घेतली. आमच्याच क्लबात. माझ्याच मापाची, माझ्याच कंपनीची. धक्क्याला बांधायला एवढी जागा रिकामी असताना याला नेमकी माझ्या शेजारचीच मिळाली.

साडू म्हणजे बायकोच्या ताईचा नवरा. दातांचा डॉक्टर. शिडाच्या बोटीला नाव काय दिलं, तर 'बत्तीशी'. माझ्या बोटीचं नाव 'अजिंक्य'. शर्यतीत ती अजून उतरलेली नाही. म्हणजेच तिला अजून कोणी हरवलेलं नाही.

मला मत्सर वगैरे काही वाटत नाही. फक्त आज जेवण गेलं नाही.

५ जानेवारी

साडूने वाऱ्याचा वेग मोजायचं यंत्र आणलं. मीही मागवलं. त्याच्यापेक्षा मोठं. बायको म्हणाली, वारा कुठून येतोय ते मानेवर कळतं की. तिला गॅजेट्समधलं काही कळत नाही.

९ जानेवारी, रविवार

शर्यतीची प्रॅक्टिस सुरू. आमच्या बोटीला दोन माणसं लागतात. स्किपरने सुकाणू धरायचं आणि हुकूम द्यायचे. क्रूने शिडाचे दोर ओढायचे-सोडायचे. स्किपर मी. क्रू बायको.

मी 'सोड'च्या जागी 'ओढ' म्हणालो, असं तिचं म्हणणं. तिने ओढला. बोट अशी काही कलली की टोपी पाण्यात आणि वाऱ्याचं यंत्र टोपीच्या मागोमाग. नवंकोरं होतं. बॉक्ससुद्धा टाकला नव्हता अजून.

ती म्हणाली, तुम्ही फार ओरडता. मी ओरडत नाही, हे तिला नीट समजावून सांगितलं. शेजारच्या बोटींवरची माणसं वळून बघत होती.

संध्याकाळी तिने निकालच लावला. शर्यत ६ फेब्रुवारीला. शर्यतीत एकदा जरी ओरडलात तरी पुढच्या वेळेपासून मी भावोजींच्या बोटीवर. ताईला तशीही बोट लागते, उलट्या होतात, ती बिचारी नाइलाजाने बसते. भावोजींनी मला विचारूनही ठेवलंय.

विचारून ठेवलंय! माझ्या सोफ्यावर बसून, माझा चहा पिऊन, माझा क्रू पळवतोय!

संकल्प : १. ओरडायचं नाही. २. साडूला हरवायचं. एकदा त्याची जिरली की तिचं त्याच्याकडे जायचं खूळ आपोआप जाईल.

१३ जानेवारी

हळू आवाजात हुकूम द्यायची प्रॅक्टिस. बायको म्हणाली, पुटपुटू नका, ऐकू येत नाही. माणसाने करायचं तरी काय?

१६ जानेवारी, रविवार

साडूचं सीक्रेट सापडलं!! तो चहाला गेला असताना सहज 'बत्तीशी'वर चढलो. शिडाच्या मुख्य दोरावर लाल टेपच्या खुणा. कोणत्या वाऱ्याला दोर कुठवर घ्यायचा, त्याचं गणित! वितीने मोजून घेतलं. धक्क्यावरून बायको बघत होती. नुसती बघत होती.

दुपारी माझ्या दोराला तश्शाच खुणा केल्या. टेप तीच, लाल.

१९ जानेवारी

आज कुठे काही बिघडत नव्हतं तर मेहुणीचा फोन. स्पीकरवर. ताईला सांगत बसली बायको, भावोजी किती शांतपणे सांगतात म्हणून. शांत असणारच. समोरच्याच्या तोंडात ड्रिल घातल्यावर आवाज चढवायची गरज काय?

२३ जानेवारी, रविवार

टेपच्या खुणांवर दोर बांधून निघालो. शीड नुसतं फडफडत राहिलं, बोट जागची हलेना. साडूला खोदून खोदून विचारलं. तो म्हणाला, दोर जिथे जिथे झिजलाय तिथे टेप लावलीय, नवा घेताना दुकानदाराला दाखवायला.

बायको अर्धा तास हसत होती. मी साडूला म्हटलं, मीही त्यासाठीच लावलीय.

आता नवा दोर घ्यावा लागणार. जुना उत्तम होता.

५ फेब्रुवारी

उद्या शर्यत. मार्ग सोपा : पाण्यात तरंगणाऱ्या खुणेच्या तीन बोयांना एकामागून एक वळसा घालून यायचं आणि झेंड्याच्या बोटीपाशी संपवायचं. डावपेच खूप वाचले. एकच पटला. साडूवरून नजर हटवायची नाही. तो वळला की आपण वळायचं. बाकीच्यांशी मला काय करायचंय?

६ फेब्रुवारी, रविवार. दुपारी १

हरवलं! साडूला हरवलं!! धक्क्याला त्याच्याआधी लागलो!

सुरुवातच झकास झाली. साडू मागे पडला. मी मान मागे वळवून त्याच्यावर नजर ठेवून. मान अजून दुखतेय. दुसऱ्या बोयाजवळ त्याने एकदम बोट फिरवली. मी ओळखलं, लबाडाला तिकडे वारा सापडला. मीही फिरवली. बायको म्हणत होती बोया त्या बाजूला आहे, कुठे चाललात. मी एकदा जरासा आवाज चढवला. पुढे अजून थोडा. पण वाऱ्यात एवढं चालतं, त्याला ओरडणं म्हणत नाहीत.

धक्क्यावर कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. जळतात लेकाचे. बाकीच्या बोटी तर अजून लांब पाण्यात होत्या. एवढी आघाडी!

६ फेब्रुवारी. संध्याकाळ

मेहुणीला बोट लागली होती. साडू शर्यत सोडून तिला परत आणत होता.

शर्यत सोडणारे क्लबचे शिट्टीमास्तर म्हणाले, तुमच्या पुढे कोणीच नव्हतं हो. सरळ गेला असतात तर पहिले होतात.

साडूने माझे दोन्ही हात धरले. म्हणाला, हिच्यासाठी जिंकलेली शर्यत सोडून तुम्ही माझ्या आधी धक्क्याला आलात, दोर झेलायला उभे राहिलात. असं कोण करतं आजकाल? त्याचे डोळे भरून आले होते.

मी म्हटलं, घरचंच माणूस आहे.

बायकोने माझ्याकडे पाहिलं. खरं काय ते तिला माहीत होतं. तिने लाइफ जॅकेट काढून शेजारच्या 'बत्तीशी'वर ठेवलं.

१३ फेब्रुवारी, रविवार

साडूने बायकोला सुकाणू दिलं आणि स्वतः दोर धरून बसला! मला वाटलं, आता मजा बघा.

मजा बघितली. बोट काय पळत होती! मानेवर वारा घेऊन ती वळत होती, साडू दोर सोडत होता. ओरडणं नाही, पुटपुटणं नाही. बायको मोठमोठ्याने हसत होती. 'अजिंक्य'वर ती कधी हसलेली मला आठवत नाही. म्हणजे टेपच्या दिवशी हसली होती, पण ते वेगळं.

फार वाईट वाटलं. बोटीचं नाही, यंत्राचंही नाही.

मेहुणी शेजारी उभी होती. म्हणाली, मला तरी बोट लागते. तुम्ही का खाली?

२० फेब्रुवारी, रविवार

धीर करून बायकोला विचारलं. पुढच्या शर्यतीला 'अजिंक्य' काढू या का? तू सुकाणूवर, मी दोरावर. तोंडातून अवाक्षर काढणार नाही.

ती म्हणाली, 'अजिंक्य'च काढायचीय. 'बत्तीशी'पेक्षा जास्त पळते ती, भावोजीही तेच म्हणाले. माझा ऊर भरून आला.

मग म्हणाली, दोरावर भावोजी आहेत. त्यांना शब्द दिलाय.

मलाही काम दिलंय. निघताना धक्क्यावरून दोर सोडायचा. स्किपरबाई सांगतील तेव्हाच. उद्यापासून प्रॅक्टिस.